लाल पाकीट

भोकातून निळं दिसत होतं.

मी मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. निळंच. शनिवारची दुपार होती. नाशिकच्या एका जुन्या चर्चमागच्या सभागृहात मी एकटीच उभी होते. समोरच्या लांब टेबलावर तीन लाल भोपळे, पापडांची चवड, पायांना सुतळी बांधलेली एक कोंबडी आणि तिच्या शेजारी सिस्टर एस्तेर उजगरेंच्या अकरा रेकॉर्डी मांडून ठेवल्या होत्या. कोंबडी माझ्याकडे संशयानं बघत होती. तिचं काही चुकत नव्हतं, कारण माझ्या पिशवीत एक लाल पाकीट होतं आणि मनात पाप होतं.

या भोकाचं प्रकरण आधी सांगायला हवं. साठीच्या दशकात विलायतेतल्या पोरांच्या बँडची जी गाणी निघायची, ती बहुतेक सगळी मोनोमध्ये, म्हणजे गाणारा आणि वाजवणारे एकत्र कालवलेले. घराघरांत यंत्रं तशीच असायची. स्टिरिओमध्ये डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरं ऐकू यायचं, पण असल्या प्रती अगदी थोड्या निघायच्या, हौशी पैसेवाल्यांपुरत्या. म्हणूनच पुढे त्या दुर्मीळ झाल्या आणि आमच्यासारखी माणसं त्यांच्यापायी वेडी झाली. त्यातल्या एका कंपनीनं काटकसर म्हणून दोन्ही प्रकारांना एकच बाहेरचं कव्हर छापलं आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यात एक लहान गोल भोक पाडलं. आत रेकॉर्डचं कागदी पाकीट असतं ते मोनोला लाल आणि स्टिरिओला निळं. दुकानदारानं भोकातून रंग बघायचा आणि काय ते समजून घ्यायचं.

मी दातांची डॉक्टर. भोक दिसलं की आत डोकावल्याशिवाय मला राहवत नाही. ही हौस मला मानवली ती त्यामुळेच असावी.

माझ्या हातातली रेकॉर्ड होती ‘टिन अम्ब्रेलाज’ नावाच्या चार पोरांची. त्यांची ही एकच लाँग प्ले निघाली, वर्षभरात ते आपसांत भांडले आणि चार दिशांना गेले. मुंबईला शिकत असताना वसतिगृहातल्या एका मुलीच्या यंत्रावर मी त्यांची दोन गाणी ऐकली होती. त्याला अठरा वर्षं झाली होती. तिच्याकडे होती ती मोनो प्रत, आणि तीसुद्धा तिनं मला कधी हातात धरू दिली नाही. त्यांची स्टिरिओ प्रत आपल्या देशात कुणी बघितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

आणि ती इथे होती, कोंबडीच्या शेजारी.

सिस्टर एस्तेर तरुणपणी आठ वर्षं विलायतेतल्या एका इस्पितळात नर्स होत्या. परत आल्या त्या या रेकॉर्डी घेऊन. शुक्रवारी त्या माझ्याकडे कवळीचं माप द्यायला आल्या होत्या. माप घेताना त्यांच्या तोंडात मसाला भरलेला, त्यामुळे नेहमीप्रमाणे मीच बोलत होते, आणि नेहमीप्रमाणे रेकॉर्डींबद्दलच. मसाला निघाल्यावर त्यांनी चूळ भरली आणि सहज सांगितलं, की त्यांच्याकडच्या सगळ्या रेकॉर्डी त्यांनी यंदा कापणीच्या सणाला चर्चला देऊन टाकल्या. त्यातल्या एका छत्रीवाल्या रेकॉर्डची म्हणे गंमत होती, स्पीकरच्या एका पेटीतून गाणं यायचं आणि दुसऱ्या पेटीतून नुसती वाद्यं.

माझ्या हातातला साचा पडता पडता राहिला. मी म्हटलं, ‘‘सिस्टर, ती मला द्या. काय म्हणाल ते देते.’’

‘‘देवाला दिलेलं परत कसं मागू? रविवारी लिलाव आहे, तुम्ही या ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मेजर नलवडेही येणार आहेत. काल पेरू द्यायला आले होते, तेव्हा त्यांनाही सांगितलं.’’

मी साचा जपून खाली ठेवला.

नाशिक जिल्ह्यात या रेकॉर्डींचे वेडे दोनच होते. एक मी आणि दुसरे मेजर विश्वासराव नलवडे. मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षं तोफखान्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर भगूरजवळ पेरूची बाग लावून राहिले. त्यांच्याकडे दोनशे चाळीस रेकॉर्डी होत्या आणि सगळ्या स्टिरिओ. याचा ते टेंभा मिरवायचे. ‘‘मोनो म्हणजे एका पायावरची परेड,’’ हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांनी खास सांगून असं यंत्र मागवलं होतं, की ज्यावर दोन्ही बाजू एकत्र करणारं मोनोचं बटणच नव्हतं, आणि आलेल्या प्रत्येकाला ते ती बटण नसलेली जागा बोट ठेवून दाखवायचे. वहिनींचं डोकं दुखायचं म्हणून ऐकायचे मात्र हेडफोन लावून. माझ्याशी ते अगदी अदबीनं वागायचे. चालताना मला कायम आपल्या उजव्या हाताला ठेवायचे, चुकून मी डावीकडे गेले तर स्वतः वळसा घालून बाजू बदलायचे. लष्करातली रीत असेल म्हणून मला त्याचं कौतुक होतं.

अदब होती, पण माणूस बिलंदर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला खाजगीत सांगितलं, की इगतपुरीला एका रेल्वेवाल्या साहेबाच्या घरी पेटीभर रेकॉर्डी धूळ खात पडल्यात. मी दवाखाना बंद करून इगतपुरीला गेले. तिथे ना साहेब, ना पेटी. त्याच दिवशी देवळालीतलं एक कुटुंब घर आवरून परदेशी चाललं होतं, त्यांच्या चौतीस रेकॉर्डी मेजरांनी उचलल्या. पुढच्या आठवड्यात दाढ दाखवायला आले तेव्हा आ वासण्याआधी म्हणाले, ‘‘इगतपुरीची हवा छान असते, नाही डॉक्टर?’’

तेव्हाच मी ठरवलं होतं, की याची परतफेड झाल्याशिवाय आपण काही स्वस्थ बसायचं नाही.

तर शनिवारी मी पिशवीत लाल पाकीट घेऊन गेले. त्याच कंपनीची एक मोनो रेकॉर्ड माझ्याकडे होती, तिचं. मेजर फक्त स्टिरिओ घ्यायचे आणि फक्त भोकातच बघायचे. ‘‘भोक खोटं बोलत नाही, डॉक्टर,’’ असं त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. राहता राहिलं रेकॉर्डच्या मधलं गोल लेबल. त्यावर स्टिरिओ असं छापलेलं असतं. पण इथे नशीब माझ्या बाजूचं होतं. नर्सांच्या वसतिगृहात नाचगाण्याला सगळ्यांच्या रेकॉर्डी एकत्र होत आणि मग कुणाची कुठली यावरून भांडणं लागत. म्हणून सिस्टरांनी प्रत्येक लेबलवर दोन्ही बाजूंनी जखमेची पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव आणि वॉर्डचा नंबर लिहून ठेवला होता. नेमका तो शब्द पट्टीखाली गेला होता. गाणी संपतात तिथे, आतल्या गुळगुळीत पट्ट्यात, एक बारीक नंबर कोरलेला असतो. तो मी दात तपासायच्या भिंगानं वाचून खात्री केली. ते वाचायला मेजरांना चष्मा लागला असता आणि चष्मा लावण्यात त्यांना कमीपणा वाटायचा.

मी निळं पाकीट काढलं, लाल घातलं, रेकॉर्ड कव्हरात सरकवली आणि भोकातून पाहिलं. सुरेख लाल. तेवढ्यात दारातून शमुवेलकाका रणभिसे आत आले. हे चर्चचे पंच, उभा जन्म त्यांनी कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारण्यात काढला होता. इथला लिलावही तेच पुकारायचे. त्यांनी विचारलं, काय बघता डॉक्टर? मी म्हटलं, भोपळा. मग त्यांनी मला तिन्ही भोपळे ठोकून ठोकून त्यांचा स्वभाव समजावून सांगितला आणि मी निळं पाकीट पदराआड धरून पाऊण तास माना डोलावल्या.

रविवारी उपासना संपल्यावर सगळी मंडळी सभागृहात आली. मेजर कडक इस्त्रीत. टेबलाशी गेले, अकराही रेकॉर्डी चाळल्या आणि छत्रीवाली उचलून डावा डोळा मिटून भोकात बघितलं. मी शेजारीच उभी होते. ते बघतच राहिले. इतका वेळ, की मला वाटलं पकडली गेले.

‘‘लाल,’’ ते शेवटी म्हणाले. आवाज जरा घोगरा आला.

‘‘अरेरे,’’ मी म्हटलं. ‘‘मोनो म्हणजे तुमच्या कामाची नाही.’’

‘‘छे, छे. आपल्या काय कामाची.’’ त्यांनी खिशातून रुमाल काढून कव्हरवरची धूळ पुसली, रेकॉर्ड हळूच खाली ठेवली आणि जाऊन माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसले. बिचाऱ्याला दुःख झालंय, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या.

या चर्चच्या लिलावाची एक रीत होती. बोली पैशांत करायची नाही. ज्यानं त्यानं आपल्या कष्टाचं जे असेल ते बोलायचं. गवंडी म्हणायचा, चर्चच्या ओट्याला गिलावा करून देईन. शिंपीण म्हणायची, गाणाऱ्या मुलांचे झगे शिवून देईन. दोन बोल्यांत मोठी कुठली हे टाळ्यांवरून ठरायचं आणि शमुवेलकाकांचे कान त्यात वाकबगार होते. कोंबडी एका सुताराला गेली, दोन बाकं दुरुस्त करायच्या बोलीवर. भोपळे गेले. मग काकांनी छत्रीवाली रेकॉर्ड वर धरली आणि पुकारलं, की हा विलायती माल आहे, नासत नाही, सडत नाही, मोड येत नाही.

मी आवाज अगदी सहज ठेवून म्हटलं, ‘‘दोन दाढा भरून देईन. ज्याला हव्यात त्याला.’’

थोड्या टाळ्या पडल्या. काका मेजरांच्या डाव्या बाजूला येऊन म्हणाले, मेजर, तुमची काही बोली? मेजर समोर बघत बसले. काकांनी पुन्हा विचारलं. मेजर ढिम्म. हा गडी आता यातून उठला म्हणून मी पर्स आवरायला घेतली. तेवढ्यात मागच्या रांगेतून सिस्टरांनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि मेजर दचकून उभे राहिले.

‘‘पेरू. पाच पाट्या,’’ ते म्हणाले.

टाळ्या जोरात पडल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे बघेनात. मोनोला पाच पाट्या? याला कळलं की काय? पण कळलं असतं तर हा माणूस गालात हसल्याशिवाय राहिला नसता. इथे तर तो परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम झाला होता.

मी चार दाढांवर गेले. ते दहा पाट्यांवर गेले. मी दात साफ करून द्यायचं बोलले, त्यांनी पंधरा पाट्या केल्या. मला भान राहिलं नाही. मी उठून जाहीर केलं, की चर्चच्या पाळकसाहेबांना नवी कवळी बसवून देईन. पाळकसाहेब पस्तिशीचे, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. त्यांनी नकळत तोंडावर हात नेला आणि मंडळीत हशा पिकला. मेजर म्हणाले, ‘‘वीस पाट्या. आणि घरोघर पोचवून देईन.’’ मग मी शेवटचं अस्त्र काढलं. अख्ख्या मंडळीचे दात वर्षभर फुकट तपासीन, आणि किडकी दाढ असेल ती तिथल्या तिथे काढून देईन.

एकही टाळी पडली नाही. दोन-तीन मुलं आयांच्या मागे लपली. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या धंद्याचा राग आला.

पेरूंसाठी ज्या टाळ्या पडल्या त्या रस्त्यावर ऐकू गेल्या असतील. काकांनी रेकॉर्ड मेजरांच्या हातात दिली. मेजरांनी ती छातीशी धरली, लहान मूल धरतात तशी.

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं आणि विचारलं, मोनोला वीस पाट्या म्हणजे जरा जास्त नाही का झालं? सिस्टरांना वाईट वाटू नये म्हणून घेतली, असं काहीतरी ते पुटपुटले आणि भरभर निघून गेले. माझा जळफळाट झाला, पण रात्रीपर्यंत मी पुढचा डाव आखला होता. माझ्याकडच्या दोन बऱ्यापैकी स्टिरिओ रेकॉर्डी घेऊन आठवड्याभरानं भगूरला जायचं आणि अगदी उपकार केल्यासारखं म्हणायचं, की मेजरसाहेब, ती मोनो तुम्हाला नाहीतरी नकोच असेल, तर अदलाबदल करू या. लाल पाकीट त्यांना फशी पाडत राहील. फक्त थोडा धीर धरायचा.

धीर धरायची वेळ आलीच नाही. मंगळवारी सकाळी दवाखाना उघडला तर पायरीवर मेजर बसलेले. दाढी केलेली नव्हती. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून छत्रीचं चित्र अर्धं बाहेर आलं होतं.

खुर्चीत बसले आणि आ वासायच्या ऐवजी म्हणाले, ‘‘डॉक्टर, कानाचा चांगला डॉक्टर सांगा. पुण्याचा, मुंबईचा, कुठलाही.’’

‘‘काय झालं?’’

‘‘डावा कान गेल्याला तीन वर्षं झाली. तोफांनी घेतला तो. घरात माहीत आहे, बाहेर कुणाला बोललो नाही.’’

मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. दातांचा डॉक्टर उजव्या हाताचा असला की पेशंटच्या उजवीकडेच उभा राहतो. इतकी वर्षं मी या माणसाच्या चांगल्या कानाशीच बोलत आले होते आणि तो मला रस्त्यातही त्याच बाजूला ठेवत आला होता. त्याला मी अदब समजत होते.

मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. हेडफोन लावला की उजव्या कानात येईल तेवढंच ऐकू यायचं. एखाद्या रेकॉर्डवर नुसतीच गिटार, एखाद्यावर नुसताच गाणारा. दोनशे चाळीस रेकॉर्डी, सगळ्या अर्ध्या. मोनो घेतली असती तर एका कानातसुद्धा सगळं आलं असतं, पण जन्मभर मोनोला नावं ठेवली, आता ती मागायची कुठल्या तोंडानं? बटण नसलेल्या यंत्राची फुशारकी मारून झालेली. आणि परवा चर्चमध्ये भोकातून लाल दिसलं. तेव्हा त्यांना वाटलं, देवानंच पाठवली, सिस्टरांचं निमित्त करून. तीन वर्षांनी एक गाणं तरी अख्खं ऐकायला मिळणार.

‘‘काल लावली,’’ ते म्हणाले. ‘‘ढोल येतोय, गिटार येतेय. गाणारा येत नाही. एकदाही नाही. दोन्ही बाजू लावून बघितल्या.’’ त्यांनी उजव्या कानावर हात ठेवला. ‘‘मोनो आहे डॉक्टर, सगळं एकत्र असतं त्यात. म्हणजे यातूनसुद्धा माणसाचा आवाज जायला लागलाय. काल दिवसभर मी हिला काही ना काही विचारत बसलो, हिचा आवाज नीट येतोय ना बघायला.’’

मी हातातला दात बघायचा आरसा खाली ठेवला.

‘‘तुम्ही ऐका,’’ त्यांनी पिशवी पुढे केली. ‘‘तुमचे कान शाबूत आहेत. ऐकून सांगा, यात गाणारा आहे का नाही.’’

माझं घर दवाखान्याच्या वरच होतं. आम्ही वर गेलो. मी रेकॉर्ड लावली, हेडफोन घातला आणि अठरा वर्षांनी तो आवाज माझ्या डाव्या कानात आला, अगदी जवळून, जणू तो पोरगा माझ्या खांद्यापाशी उभा राहून गात होता. उजवीकडे नुसती गिटार आणि ढोल. त्या क्षणी मला रडायला यायला हवं होतं. पण समोर मेजर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, निकाल ऐकायला आल्यासारखे.

खोटं बोलणार नाही, माझ्या मनात काय आलं ते सांगते. एका वाक्याचं काम होतं. ‘‘यात गाणारा नाहीच मेजरसाहेब, बिघडलेली प्रत आहे, राहू दे माझ्याकडे,’’ एवढंच म्हणायचं. त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं, रेकॉर्ड माझी झाली असती आणि इगतपुरीही वसूल झाली असती. वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी हेडफोन काढला आणि बोलायला तोंड उघडलं, तर मेजर माझ्या ओठांकडे बघत होते. ऐकू येणार नाही या भीतीनं, शब्द डोळ्यांनी वाचायला. मला माझी इतकी लाज वाटली, की तशी आधी कधी वाटली नव्हती आणि पुढेही नाही.

मी सुई उचलून पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली. हेडफोन हातात घेतला, फिरवला आणि त्यांच्या डोक्यावर घालायला गेले.

‘‘उलटा घालताय,’’ ते मागे सरले. ‘‘डावा उजवीकडे आलाय. लिहिलंय त्याच्यावर.’’

‘‘असू दे लिहिलेलं. घाला.’’

‘‘डावा म्हणजे डावा, डॉक्टर.’’

‘‘मेजरसाहेब, घाला म्हणते ना.’’

दाढ काढताना लावते तो आवाज मी लावला असावा, कारण ते गप्प बसले. मी हेडफोन चढवला. दोन क्षण काही झालं नाही. मग त्यांचा चेहरा हलला. आधी भुवया, मग ओठ. डोळे मिटून ते ऐकत राहिले आणि बाजू संपेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मी खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिले.

सुई उचलली गेल्याचा आवाज आला. मी वळले. मेजरांनी हेडफोन मांडीवर ठेवला होता आणि ते एकदा त्याच्याकडे, एकदा रेकॉर्डकडे बघत होते. माणूस हळवा झाला तरी त्यातला संग्राहक झोपत नाही.

‘‘फिरवल्यावर गाणारा आला आणि गिटार गेली,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘मोनोत असं होत नाही.’’

‘‘नाही होत.’’

‘‘म्हणजे ही स्टिरिओ आहे.’’

‘‘हो.’’

‘‘भोकात लाल होतं.’’

‘‘होतं.’’

‘‘लाल कुणी घातलं?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं. ‘‘शनिवारी दुपारी.’’

मी सगळं कबूल केलं, इगतपुरी, पिशवी, भिंग, भोपळा, आणि ते वाक्यसुद्धा, जे जिभेच्या टोकावरून परत गेलं होतं.

‘‘कुणी बघितलं तुम्हाला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘फक्त कोंबडीनं.’’

‘‘ती रविवारी संध्याकाळीच शिजली असेल,’’ मेजर म्हणाले. ‘‘म्हणजे साक्षीदार नाही. सुटलात.’’ आणि ते हसायला लागले. हसता हसता पुन्हा डोळे भरले, मग मीही हसायला लागले, आणि खाली पेशंट बेल वाजवतोय हे आम्हा दोघांच्याही तीन शाबूत कानांना ऐकू आलं नाही.

जायला उठले तेव्हा त्यांनी हेडफोन हातात घेऊन त्याच्यावरची डाव्या-उजव्याची अक्षरं पुन्हा बारकाईनं बघितली. ‘‘तीस वर्षं जवानांना डावं-उजवं शिकवलं,’’ ते म्हणाले. ‘‘उलटा घालून बघावं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. घरी दोनशे चाळीस रेकॉर्डी आहेत, डॉक्टर. सगळ्यांचा अर्धा भाग ऐकायचा राहिलाय. निघतो मी.’’ आणि रेकॉर्ड काखेत मारून ते जिने उतरून गेलेसुद्धा. मी निळं पाकीट घेऊन मागे धावले. त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

‘‘लालच राहू दे. पुण्याहून कुणी आला तर भोकात बघून परत जाईल.’’

पुढच्या वर्षीच्या कापणीच्या सणात मी सगळ्या मंडळीचे दात फुकट तपासले. हरलेली बोली पाळायची काही गरज नव्हती, पण मला बरं वाटलं. मेजरांच्या घरी मी दर महिन्याला जायचे. ते एकेक रेकॉर्ड दोनदा ऐकायचे, एकदा सुलटा हेडफोन घालून आणि एकदा उलटा, आणि मग दोन्ही अर्धे मनात जुळवून मला सांगायचे, की गाणारा कुठे घाईत आहे आणि गिटारवाला त्याला कसा सांभाळून घेतोय. दोन्ही कान शाबूत असून मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

मेजर जाऊन आता अकरा वर्षं झाली. तेरावं झाल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. एका हातात छत्रीवाली रेकॉर्ड, दुसऱ्या हातात पेरूंची पाटी. रेकॉर्ड मला द्यायची, पण पाकीट बदलायचं नाही, असं ते बजावून गेले होते.

आता माझ्याकडे लांबलांबून संग्राहक येतात. गेल्या महिन्यात पुण्याचे एक गृहस्थ आले होते, या विषयातले मोठे जाणकार. कपाटातल्या रेकॉर्डी भराभर चाळल्या, छत्रीवालीपाशी थबकले. त्यांनी कव्हर उलटं केलं, एक डोळा मिटून भोकात बघितलं आणि सुस्कारा सोडून ती परत जागेवर ठेवली.

‘‘मोनो आहे,’’ ते हळहळून म्हणाले.

मी उठून त्यांच्यासाठी एक पेरू कापला.